ताप तुमचाच आहे, बॉस!

रविवारी रात्री घसा खवखवायला लागतो. सोमवारी सकाळी अंग असं दुखतं, की रात्रभर कुणीतरी धोपटून काढलंय. थर्मामीटर १०१ दाखवतो आणि नेमकं अकरा वाजता क्लायंटसमोर प्रेझेंटेशन! मग आपण काय करतो? ड्रॉवरमधली क्रोसिन पोटात, वर कडक कॉफी, आणि जाता जाता केमिस्टकडून अ‍ॅझिथ्रोची ती फेमस स्ट्रिप. कुणी विचारलंच तर उत्तर तयार. ‘व्हायरल आहे यार, शेजारच्या क्युबिकलवाल्याकडून आला.’

जंतू शेजारच्या क्युबिकलमधून आला असेलही. पण ताप? तो त्याच्याकडून आलेला नाही. ताप, अंगदुखी, भूक मरणं, कुणाशी एक शब्द बोलू नये असं वाटणं, हे जवळपास सगळं तुमचं स्वतःचं प्रॉडक्शन आहे. चक्क इन-हाऊस!

पटत नाही? मग २०२१ आठवा. कोविशिल्ड टोचून घेतली, दंड दाखवत सेल्फी टाकला आणि रात्री गोधडीत कुडकुडत पडलात. पुण्यात तयार झालेल्या त्या लशीत कोरोनाचा विषाणू नव्हताच. होता तो एक वेगळाच विषाणू, तोही शरीरात वाढू न शकणारा. कोरोनाच्या एका प्रोटीनचा फॉर्म्युला तेवढा पोचवायचं काम त्याला दिलेलं. म्हणजे आजार नव्हता, तरी ताप आला. आणखी एक सांगतो. हिपॅटायटिस सीच्या पेशंट्सना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. इंटरफेरॉन हे आपल्याच पेशी तयार करतात असं एक प्रोटीन. ते टोचलं की काही तासांत थंडी-ताप, डोकेदुखी, अंगदुखी. हुबेहूब फ्लू. आणि फ्लूचा विषाणू मात्र कुठे औषधालाही नाही!

हा सगळा खेळ करणाऱ्या यंत्रणेचं नाव उपजत प्रतिकारशक्ती, म्हणजे इनेट इम्युनिटी. कोरोनाने अँटीबॉडी या शब्दाला सेलिब्रिटी करून टाकलं खरं, पण अँटीबॉडीज हे लेट लतीफ पब्लिक. नवा जंतू आला की त्याच्या मापाची अँटीबॉडी शिवून तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. डेंग्यूचा संशय असला की डॉक्टर सुरुवातीच्या दिवसांत एनएस-वन टेस्ट सांगतात आणि आयजीएम टेस्ट पाचव्या दिवसानंतर, ते याचमुळे. पहिली टेस्ट विषाणूचाच तुकडा शोधते, दुसरी तुमची अँटीबॉडी. आधी चोर सापडतो, पोलीस मागाहून येतात. मग मधले चार-पाच दिवस किल्ला कोण लढवतं?

काट्याचा किस्सा

डिसेंबर १८८२. सिसिली बेटावरचं मेसिना हे गाव. एली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसाच्या युनिव्हर्सिटीतली नोकरी सोडून तिथे राहायला आला होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली. हा पठ्ठ्या एकटाच घरी, मायक्रोस्कोपला डोळा लावून. समोर स्टारफिशच्या काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या अळ्या आणि त्यांच्या अंगात इकडून तिकडे हिंडणाऱ्या पेशी. बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, या नुसत्या हिंडत नसतील, गस्त घालत असतील तर? उठला, बागेत गेला, गुलाबाचे काटे आणले आणि दिले अळ्यांच्या कातडीत खुपसून. सकाळी बघतो तर काय, काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला! ना रक्तवाहिन्या, ना अँटीबॉडीज, एवढासा जीव. तरी ‘कुणीतरी घुसलंय’ हे त्याला कळलं होतं. परक्याला गिळणाऱ्या या पेशींना पुढे फॅगोसाइट म्हणजे भक्षक पेशी हे नाव मिळालं, आणि १९०८ साली मेचनिकॉफला पॉल एर्लिखच्या जोडीने नोबेल.

(याच मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला. १८९६ साली शहरात प्लेग घुसला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. त्याचं नाव वॉल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती त्याचीच. लोअर परळच्या काचेच्या टॉवर्समधल्या मंडळींनी कधी त्या बाजूला चक्कर मारली तर आठवा, इथलं नातं थेट मेसिनाच्या त्या काट्यापर्यंत जातं.)

तुमच्या अंगात आत्ता, हे वाचताना, तशीच गस्त चालू आहे. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ‘न्यूट्रोफिल्स’ अशी एक ओळ असते. आपण फक्त ती बोल्डमध्ये छापलीय का एवढंच बघतो. हे न्यूट्रोफिल म्हणजे फौजेतले साधे शिपाई. हाडांच्या मगजात ते रोज १०० अब्जाच्या आसपास तयार होतात आणि फार तर काही दिवस जगतात. जखमेतून पू येतो ना, त्यात मुख्यतः यांचेच मृतदेह असतात. जंतू गिळणं हे त्यांचं मुख्य काम. पण २००४ साली बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांना त्यांची आणखी एक तऱ्हा दिसली. वेळ आली की काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतूला त्यात अडकवतात. अशा वेळी बहुतेकदा ते स्वतःही संपतात. याला म्हणतात कमिटमेंट! नाहीतर आपण, साडेसहाला लॅपटॉप बंद.

कटावणीवाला ओळखायचा कसा?

आता खरा प्रश्न. जगात जंतू लाखो प्रकारचे, रोज नवे येणारे. आणि या शिपायांना तर जन्मतःच नोकरीवर ठेवलेलं. ट्रेनिंग नाही, कुणाचे फोटो दिलेले नाहीत. मग आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना कळतं कसं?

मेचनिकॉफनंतर शंभर वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता. १९८९ साली अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या चार्ल्स जेनवे यांनी आपल्याच बिरादरीची एक गोष्ट चारचौघांत उघडी केली. लस म्हणून नुसतं शुद्ध प्रोटीन टोचलं तर शरीर ढिम्म हलत नाही. त्यात मेलेल्या जंतूंचा थोडा मसाला घातला, की लगेच जागं होतं. म्हणजे नुसतं परकं असणं पुरत नाही, त्याला जंतूचा वास यावा लागतो. जेनवे यांचा अंदाज असा होता, की आपल्या पेशींवर असे काही सेन्सर असणार, जे एकेक जंतू ओळखत नाहीत, जंतूंच्या जमातीची खूण ओळखतात.

सोसायटीच्या वॉचमनचंच बघा. शहरातल्या सगळ्या चोरांची नावं त्याला कुठून माहीत असणार? पण रात्री दोन वाजता खांद्यावर शिडी आणि हातात कटावणी घेऊन कुणी आला, तर नाव विचारायची गरज नसते. जंतूंकडेही अशा कटावण्या असतात. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या कवचात एलपीएस नावाचा पदार्थ असतो, काहींना पोहायची शेपटी असते, कित्येक विषाणू वाढताना दुहेरी आरएनएच्या लांब दोऱ्या तयार करतात. आपल्या पेशींत अशा वस्तू एरवी सापडत नाहीत. आणि गंमत म्हणजे जंतूला त्या सहजासहजी टाकून देता येत नाहीत. कवच फेकलं तर जिवाणू जगणार कसा? कटावणी घरी ठेवून घरफोडी होत नाही ना!

हे सेन्सर सापडले ते माशीत. फळांवर घोंघावणारी ती चिमुकली माशी. तिच्या गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारं एक जनुक जर्मनीत ख्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांच्या लॅबमध्ये सापडलं होतं, त्याचं नाव पडलं ‘टोल’. जर्मनमध्ये टोल म्हणजे ‘भन्नाट!’ (आपल्या एक्स्प्रेस वेवरच्या टोलशी काही संबंध नाही, तिथे तोंडातून दुसरेच शब्द निघतात.) १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमान यांच्या टीमला दिसलं, की ज्या माश्यांमध्ये टोल बिघडलेलं आहे त्यांना बुरशीशी लढताच येत नाही. त्यांच्या अंगावर बुरशीचं अक्षरशः रान माजतं आणि त्या मरतात. पुढच्याच वर्षी जेनवे आणि रुसलान मेझितोव्ह यांना माणसातही टोलचा भाऊबंद सापडला. आज माणसात असे १० टोल-सेन्सर माहीत आहेत. काही पेशीच्या बाहेरच्या अंगाला, काही आत, विषाणूचा आरएनए हुंगायला.

पण मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतले हिरो उंदीर आहेत.

एलपीएस रक्तात टोचलं की उंदीर शॉकमध्ये जातो आणि मरतो. म्हणून त्याला विषच समजायचे. पण लॅबमध्ये उंदरांचा एक वाण असा होता, की त्याच्यावर या विषाचा परिणामच होत नसे. भरपूर डोस द्या, उंदीर मजेत. १९९८ साली अमेरिकेत डॅलसमध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या टीमने कारण शोधलं. या उंदरांचा टोल-फोर हा सेन्सरच बिघडलेला होता. म्हणजे एलपीएस हे विष म्हणून मारतच नव्हतं. ते फक्त बेल वाजवत होतं. मारत होती ती बेल ऐकून आत उडालेली धावपळ. ज्याला बेल ऐकूच येत नाही, तो उंदीर शांत. मग हा उंदीर सुखी म्हणायचा? छे! त्याच उंदराला जिवंत साल्मोनेला जिवाणू दिले, की साधे उंदीर पचवतील एवढ्या डोसमध्येही तो खलास. चोर घरात शिरले तरी वॉचमन झोपलेला.

बेल वाजली नाही तरी मरण, वाजतच राहिली तरी मरण. हॉफमान आणि ब्यूटलर यांना २०११ साली नोबेल मिळालं. जेनवे तोवर हयात नव्हते, २००३ सालीच गेले.

आणि आता तुमचा १०१

सेन्सर वाजला की पेशी काय करते? आरडाओरडा. विषाणूने पकडलेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजाऱ्यांना सांगते, ‘मी गेले, तुम्ही शटर पाडा.’ शेजारच्या पेशी बंदच्या दिवशी दुकानं मिटावीत तसं आपलं प्रोटीनचं काम आवरतं घेतात. विषाणूला त्यांच्या कारखान्यात आपला माल बनवणं अवघड होतं. दुसरीकडे मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी सायटोकाइन नावाचे निरोप रक्तात सोडतात. ते यकृतात पोचले की तिथे सीआरपी तयार होतं. हो, तेच रिपोर्टमधलं सीआरपी! ते स्वतः जंतूंना चिकटून ‘याला उचला’ अशी खूण करतं. आणि हेच निरोप मेंदूपर्यंत पोचले, की मेंदू शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकवतो. थंडी वाजते ती त्यामुळे. शरीर ९९वर आहे, पण मेंदूने टार्गेट १०१चं दिलंय, मग स्नायू कुडकुडून उष्णता तयार करतात. पॅरासिटामॉल हे टार्गेट खाली आणतं. जंतूला ते हातही लावत नाही.

ताप उपयोगी आहे का, याचा मजेशीर पुरावा १९७५ साली एका सरड्यासारख्या प्राण्याने दिला. वाळवंटातल्या इग्वानाला स्वतःच्या अंगात ताप तयार करता येत नाही. आजारी पडला की तो उन्हात जाऊन बसतो. मॅथ्यू क्लुगर यांनी जिवाणू टोचलेल्या इग्वानांना वेगवेगळ्या तापमानात ठेवलं, तर गरम जागेतले जास्त वाचले आणि थंड जागेतले पटापट मेले. म्हणून १०० ताप दिसला की गोळी, हा नियम काही वेदात लिहिलेला नाही. अंग फार दुखतंय, झोप लागत नाहीये, तर घ्या ना पॅरासिटामॉल, त्यात पाप नाही. फक्त गोळी घेऊन ताप उतरला म्हणजे आपण बरे झालो आणि एसीत बसून दहा जणांना वाटायला मोकळे झालो, असं नाही. ते ‘कुणाशी बोलू नये, पडून राहावं’ वाटतं ना, तेसुद्धा सायटोकाइननेच मेंदूला दिलेलं फर्मान आहे. एचआरला जरूर सांगा.

राहता राहिलं ते इम्युनिटी बूस्टरचं खूळ. २०२० साली घराघरांत काढे उकळत होते आणि दुकानात प्रत्येक डबीवर ‘बूस्ट’ लिहिलेलं होतं. नेमकं त्याच वर्षी कोरोनाने काय दाखवलं? गंभीर आजारी पेशंट्सपैकी साधारण १० टक्क्यांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज सापडल्या. पहिली बेलच वाजली नव्हती. आणि व्हेंटिलेटरवर गेलेल्यांचा जीव वाचवला तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या डेक्सामिथासोन या स्वस्तातल्या स्टेरॉइडने. ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या पेशंट्सचे मृत्यू साधारण एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. तरी २०२१च्या लाटेत कित्येकांनी ते गरज नसताना, पहिल्या दिवसापासून घेतलं. स्टेरॉइडने साखर चढली, भक्षक पेशी लुळ्या पडल्या आणि एरवी मातीत पडून असणारी बुरशी थेट सायनसमध्ये घुसली. महाराष्ट्राने तेव्हा म्युकरमायकोसिसचे हजारो पेशंट पाहिले. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा, कुणाचा जीव. तेव्हा डबीवर ‘बूस्ट’ लिहिलेलं दिसलं, की मला पहिला प्रश्न पडतो: कशाला बूस्ट, आणि कुठल्या दिवशी?

बूस्ट नाही, पण या यंत्रणेला बिघडवणारी एक गोष्ट आपल्या हातात आहे. २०१५ साली अमेरिकेत १६४ धडधाकट माणसांची आठवडाभराची झोप मोजली आणि मग त्यांच्या नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. यूएस शिफ्टवाल्यांनो, ऐकताय ना?

बेल वाजतच राहते त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. जंतूला दिलेलं उत्तर इतकं बेफाम होतं, की स्वतःच्याच किडनी, फुप्फुसं बंद पडायला लागतात. २०१७ साली जगात जवळजवळ १.१ कोटी माणसं यात गेली असा अंदाज आहे. तापात श्वास भराभर चालतोय, माणूस असंबद्ध बोलतोय, लघवी जवळजवळ थांबलीय, हातपाय गार पडून चट्टे दिसतायत, यातलं काहीही दिसलं तर ‘सकाळी बघू’ नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. डेंग्यूची तऱ्हा तर आणखी फसवी. तिथे ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तवाहिन्या पाझरायला लागू शकतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही त्याची लक्षणं. आणि डेंग्यूची शंका असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन बंद. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सुरुवातीच्या त्या अ‍ॅझिथ्रोच्या स्ट्रिपबद्दलही सांगून टाकतो. विषाणूला ती काहीच करत नाही. पण म्हणून अँटिबायोटिकला मी सरसकट नावं ठेवतोय असं समजू नका. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. हा लेप्टोचा जिवाणू मोठा बेरकी. त्याच्याकडे एलपीएस आहे, पण ते असं काही घडवलेलं, की माणसाच्या टोल-फोरला ते ओळखूच येत नाही. लॅबमधल्या उंदराचा सेन्सर ते ओळखतो, आपला नाही! कटावणी छत्रीत लपवून आलेला चोर. म्हणून पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात, त्यात पायाला कुठे कापलंय, तर ताप यायची वाट बघत बसू नका. दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे जा आणि पाण्यातून आल्याचं आवर्जून सांगा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही, कुठली द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.